सिग्नलला बंद पडणारी गाडी

सिग्नल लाल झाला की प्रभाकरभाऊ स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलतात, पोट आत ओढतात आणि सीटला पाठ टेकून बसतात, पोलिसांनी पकडल्यासारखे. मग त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन थरथरतं, बॉनेटखालून किणकिण असा बारीक आवाज येतो आणि गाडी बंद पडते. मागचे लोक हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालतात. भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र एखादं काम वेळेवर उरकल्याचं समाधान असतं.

भाऊ माझे शेजारी. आयुष्य कारकुनीत गेलं, पण जीव सगळा इंजिनात. कॉलनीत कोणाची गाडी कुरकुरली की हे बनियनवर हजर. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. "गाडी बोलते गा," हे त्यांचं पालुपद. "आपल्यालेच ऐकाची सवय नाही."

माझीही गाडी मध्यंतरी उभ्याउभ्या बंद पडायची. भाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "हवा खाऊन राहिली. पाइप सैल आहे कुठीतरी. पळते तवा समजत नाही, थांबली का जीव सोडते." रबरी पाइप दाबून बसवला आणि गाडी सुतासारखी सरळ झाली.

असा माणूस, आणि त्याची स्वतःची गाडी दर सिग्नलला मरते. मी चिडवलं तर म्हणायचे, "तिचं वेगळं आहे गा."

वेगळं होतं खरंच. एकदा भरदुपारी त्यांच्याबरोबर सदर बाजाराकडे निघालो. मी पुढचं दार उघडलं, तर म्हणाले, "मागं बस." पुढच्या रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिग्नल आला, भाऊंनी हात उचलले. किणकिण. गाडी गप्प. तेवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कुठला, ते मात्र काही केल्या आठवेना.

परवा त्यांच्या मुलीचा पुण्याहून मला फोन आला. "काका, पप्पांची गाडी चौकात बंद पडते म्हणे. मागून ट्रकनं ठोकून दिलं त? दुरुस्त करून घ्या, नाहीतर मी आली का विकूनच टाकते."

मी भाऊंना तसं सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पेचकस न लावता, काहीही न शोधता, सरळ एका पाइपवर बोट ठेवलं. पाइपची क्लिप सैल होऊन पत्र्यावर लोंबत होती.

"तुम्हाले माहीत होतं, भाऊ?"

"तुही वहिनी गेली, त्याच हप्त्यात सैल झाली," ते म्हणाले. "तिले सिग्नलवर गाडी चालू ठेवलेली खपे नाही. 'काहून पेट्रोल जाळून राहिले?' म्हणे, अन् माह्या पोटापुढून हात घालून किल्ली फिरवे."

तेव्हा कुठे मला आठवलं. तो आवाज वहिनींच्या बांगड्यांचा होता.

"पण गाडीच विकली त सगळंच जाईन," भाऊ पुटपुटले. त्यांनी पाइप बसवला, क्लिप आवळली. मग आत वाकून रिकाम्या सीटचा पट्टा सोडला. "चाल, चक्कर मारू. समोर बस आज."

चौकात सिग्नल लाल झाला. भाऊंनी हात उचलले, पोट आत ओढलं. इंजिन मात्र एका सुरात चालत राहिलं, कुठे खडखड नाही की किणकिण नाही. भाऊ तसेच हात वर धरून, वाट देऊन बसलेले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी वाकलो, त्यांच्या पोटापुढून हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. आणि त्या शांततेत किणकिण झाली, अगदी माझ्या मनगटाजवळ.

मी हाताकडे पाहिलं. साधं घड्याळही नव्हतं.

भाऊंनी हात हळूहळू खाली घेतले.

"ऐकलं ना गा?" ते म्हणाले.