झालं, असं कोन म्हनलं?

मारोतराव दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासताना खुर्चीवर बसत नाहीत. ते जिन्याखाली मेन स्विचपाशी उभे राहतात. वरच्या खोलीत संगणकावर तो कोड चालू असतो, आणि लिहिणाऱ्याला अगदी निर्धास्त वाटू लागावे, नेमक्या त्याच क्षणी मारोतराव खटका खाली ओढतात.

हे मला इतके तपशीलवार ठाऊक आहे, कारण अलीकडे ती लिहिणारी मीच असते.

स्वतःविषयी थोडेच सांगते. आर्णीच्या एका महाविद्यालयात मी एकवीस वर्षे ग्रंथपाल होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकू लागले. ज्या वयात माणसे इतरांच्या चुका काढतात, त्या वयात स्वतःच्या चुका दाखवायला दुसऱ्याच्या दारी जाऊ लागले. आमचे काम लहानसेच आहे. पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर जाऊन मारोतरावांसह आम्ही चौघे म्हाताऱ्या माणसांचे कोलामी बोलणे ध्वनिमुद्रित करतो. पुढे कोणी त्यातले शब्द उतरवते, कोणी अर्थ दुरुस्त करते. म्हणून हे सारे अशा भांडारात ठेवले जाते, जिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि जुने रूप पुसले जात नाही. ध्वनिफिती मात्र अवाढव्य. त्या भांडारात सुखरूप पोहोचवणारा कोड नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि तो तपासण्याचे मारोतरावांकडे. त्या ध्वनिफितींत बोललेली काही माणसे आता हयात नाहीत. एखादी फाईल बिघडली, तर पुन्हा विचारायला जायचे कोणाकडे?

माझ्या पहिल्या कोडने एक संपूर्ण फाईल एका दमात संगणकाच्या स्मृतीत ओतली, आणि संगणक गोठला. मारोतराव पडद्याकडे सहानुभूतीने पाहत राहिले. सहानुभूती संगणकाबद्दल होती.

"मॅडम, अख्खी विहीर एका दमात पेता काय तुम्ही?"

"नाही."

"मंग या गरिबाले कायले पाजून राह्यल्या? घोट घोट, मॅडम. घोट घोट."

मी घोट घोट लिहिले. थोडे वाचायचे, भांडारात उतरवायचे, विसरायचे, पुढचे वाचायचे. मारोतरावांनी त्याची छापील प्रत मागवली आणि लाल पेनाने ओळीओळीपुढे एकच शब्द लिहून परत दिली: काहून? म्हणजे, का? पहिल्या दिवशी मी तेवीस 'काहून' मोजले. एक तर कोऱ्या ओळीपुढे होता.

"हे घोटाचं माप इतकंच काहून घेतलं?"

"पुस्तकात तसे दिले आहे," मी हळूच म्हणाले.

"पुस्तकानं काहून घेतलं?"

एकवीस वर्षे पुस्तके सांभाळलेली मी, त्याच पुस्तकाची पाने पुन्हा चाळू लागले.

मग तो खटक्याचा दिवस आला. फाईल निम्मी उतरली असेल-नसेल, तोच वीज गेली. खालच्या मजल्यावर कांताकाकूंची घरगुती चक्की याच स्विचवर चालते. ती घरघरत थांबली.

"ओ मारोतराव! माहं पीठ अर्धंच दळलं ना बाप्पा!"

"काकू, अर्धं दळलेलं तुम्ही पूर्ण म्हनून देता काय गिऱ्हाइकाले?"

"देईन कशी? लोक जोडे मारतीन!"

"आयकलं, मॅडम?" मारोतरावांनी वर पाहून विचारले आणि खटका चढवला.

संगणक पुन्हा सुरू झाला. माझा कोड उठला. त्या नावाची फाईल भांडारात दिसताच त्याने पडद्यावर अभिमानाने लिहिले: झाले. फाईल अर्धीच होती.

"झालं, असं कोन म्हनलं?" मारोतरावांनी विचारले. हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. भात शिजला, पाऊस थांबला, बस आली, कशालाही ते हेच विचारतात. "पोट्टं जन्माले याच्या आधीच तुम्ही बारसं करून टाकलं. पह्यले येऊ द्या, बोटं मोजा, मंग नाव ठेवा."

मी तसे केले. फाईल किती मोठी आहे ते आधी नोंदवायचे. ती तात्पुरत्या नावाने घोट घोट उतरवायची. शेवटी माप जुळले, तरच खरे नाव द्यायचे, नाहीतर ती काढून टाकायची. नंतर त्यांनी सात वेळा खटका ओढला. एकदाही अर्धी फाईल पूर्ण म्हणून मिरवली नाही. जो माणूस कोड वाचताना तो कुठे चालतो हे न पाहता कुठे तुटेल एवढेच पाहतो, त्याच्यासमोर मी मनोमन हात जोडले.

उरली होती भांडारातल्या जुन्या फायलींची तपासणी. नव्या नियमाने सर्व फायली ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. एक सोडून साऱ्या जुळल्या. मी उत्साहाने जिन्यात आले.

"मारोतराव, एक सापडली! नोंद एक्केचाळीस मिनिटांची, आत अकराच आहेत. नियमाप्रमाणे काढून टाकू?"

त्यांचा हात खटक्यावरून खाली आला. "कोनती?"

"अगदी पहिली."

"राहू द्या ते."

आयुष्यात प्रथमच मी त्यांना विचारले, "काहून?"

मारोतराव जिन्याच्या पायरीवर बसले. तपासणी चालू असताना त्यांना बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"माही माय हाये त्याच्यात. पह्यला कोड म्याच लिवला होता ना. मधात लाइन गेली, आली. पडद्यावर लिवून आलं, झालं. म्या भरोसा ठेवला. दुसऱ्या पोडावर जायचं होतं, फोनात जागा पाह्यजे होती, तं फोनातलं पुसून टाकलं. समजलं तवा माय नव्हती."

"काय सांगत होत्या?" मी विचारले.

"मी लहानपनी जंगलात हरपलो होतो, ते. कंदील घेऊन मले पाहाले निघाली, इथवर हाये." त्यांनी स्विचकडे बोट दाखवले. "सापडलो ते पुढच्या तीस मिनिटांत होतं."

खालून कांताकाकू ओरडल्या, "मारोतराव, लाइन घालवता का दळू?"

"दळा, काकू."

दुसऱ्या दिवशी मी कोडमध्ये एक ओळ वाढवली: ही एक फाईल नियमाला अपवाद आहे, अपुरी असली तरी कोणी काढू नये. छापील प्रत त्यांच्याकडे पाठवली.

ती संध्याकाळी परत आली. शेवटच्या पानावर तळाशी 'मंजूर' लिहिले होते. वर नेहमीप्रमाणे ओळीओळीपुढे लाल 'काहून?' होते; कोऱ्या ओळीपुढेही होता. त्या एका ओळीपुढे मात्र काहीच लिहिलेले नव्हते.