गंजाचा सोक्षमोक्ष

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा म्हटलंय, की हल्ली माझी मुलगी ते वाक्य माझ्याआधीच पुरं करते. प्लंबर असो, इलेक्ट्रिशियन असो, नाहीतर बायकोचा भाऊ असो, समोरचा मला शेंडी लावायच्या बेतात आहे हे मला लांबूनच कळतं. त्यामुळे गंज काढून नव्यानं रंगवलेल्या आमच्या जुन्या गाडीच्या दाराखाली महिन्याभरात पुन्हा फोड दिसले, तेव्हा मी जराही डगमगलो नाही. फक्त किंचाळलो.

"अगं ए! बाहेर ये! उस्तादनं घात केला!"

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. तिनं एका फोडावर बोट ठेवलं. बोट आत गेलं.

"अहो, हा पत्रा आहे की बिस्किट?"

उस्ताद म्हणजे आमच्या मागच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला. "गंजलेला पत्रा कापून टाकतो, नवा पत्रा वेल्ड करतो, गाडी तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल," असं त्यानं मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आता भोकातून काय निघालं? वरून रंग, रंगाखाली पांढरी पुट्टी आणि पुट्टीमागे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा! बोळा उलगडून पाहिला तर त्यातलं शब्दकोडंसुद्धा अर्धवट सोडवलेलं होतं.

या गाडीवर माझा जीव आहे, ते लपवण्यात काही अर्थ नाही. मुलगी झाली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यात. नोकरी गेली त्या दिवशी घरात शिरायचं धैर्य होईना, तेव्हा मी दिवसभर बसून राहिलो तोही हिच्यातच. आणि आता तिची सरकारी तपासणी तोंडावर आली होती. जुन्या गाडीच्या अंगावर गंजाचं भोक दिसलं की ती नापास आणि नापास झाली की रवानगी थेट भंगारात.

"नापास झाली तर द्यायची भंगारात," बायको म्हणाली. "मग मला कुठलीही कारणं सांगायची नाहीत."

"नापास होतेय कशाला! उस्तादकडून सगळं काम फुकटात परत करून घेतो की नाही बघ!"

"आणि तो कबूलच झाला नाही तर?"

"पुरावा घेऊन जातो ना!"

पुरावा तिच्याच शिवणाच्या डब्यात होता. सांडलेल्या टाचण्या उचलायला ती एक लोहचुंबक ठेवते. लोहचुंबक पत्र्याला चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. मी त्याला दोरी बांधली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी घेऊन निघालो.

उस्ताद एका गाडीखाली झोपून काम करत होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. मी पायांशी बोललो.

"उस्ताद, बाहेर या!"

"कोण आहे?"

"तुम्ही फसवलेला माणूस!"

"असं कसं कळणार? नाव सांगा ना, साहेब," पाय म्हणाले.

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी निर्धारानं आलो होतो आणि निर्धाराच्या भरात माणसाला ऐकू कमी येतं. उस्ताद हात पुसत बाहेर आला. त्यानं भोक पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पाणी लागलं असेल."

"गाडी आहे ती! पाणी लागणारच!"

"तेच म्हणतोय मी."

मी दोरी सोडली. लोहचुंबक दाराला टेकलं आणि सुळकन खाली घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. "आता बोला!"

"चुंबक जुनं झालंय, साहेब."

चुंबकाचा अपमान मी सहन करणार नव्हतो. त्याच्यात दम आहे हे दाखवायला मी ते शेजारच्या निळ्या गाडीला लावलं. तिथूनही ते घसरलं! ती गाडी बाकावर वाट बघत बसलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. बाई चष्मा सावरत उठल्या. माझा इस्त्रीचा शर्ट, हातातली दोरी, चेहऱ्यावरचा संताप, सगळं त्यांनी निरखून पाहिलं.

"तुम्ही तपासणी खात्याकडून आलात का?"

"मी कोण आहे ते आता सगळ्यांना कळेलच!" मी उस्तादकडे बघून गरजलो.

बाईंनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. "अहो, तपासणीचे साहेब आलेत! सगळ्यांनी आपापल्या गाड्या दाखवून घ्या!"

खरं तर मी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. पण इतक्या आदरानं मला 'साहेब' घरात कधी कोणी म्हटलेलं नाही! तेवढ्यात एक टेम्पोवाला मला दंडाला धरून त्याच्या टेम्पोपाशी घेऊन गेला. चुंबक घसरलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं टेम्पोला एक गुद्दा हाणला, तर पुट्टीचं हे एवढं ढेकूळ निखळून त्याच्याच पायावर पडलं. त्याची बोंब ऐकून आजूबाजूचे दुकानदार धावत आले. ज्यांनी ज्यांनी उस्तादकडे कामं करून घेतली होती ते घरी जाऊन गाड्या घेऊन आले. रस्ता तुंबला, हॉर्न वाजायला लागले आणि मी घामाघूम होऊन एकेका गाडीला चुंबक लावत सुटलो.

उस्तादनं मला खांबाआड ओढलं. "साहेब, हात जोडतो. तुमचं काम आजच्या आज करून देतो. नवा पत्रा, पक्कं वेल्डिंग. फक्त ते चुंबक खिशात घाला."

मी आलो होतो ते नेमकं याचसाठी! 'बरं' म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच उरलं होतं. पण खांबाच्या दोन्ही बाजूंनी माणसं डोकावत होती.

"मी एकट्यापुरता आलेलो नाही!" मी ओरडलो. खरं तर मी अगदी एकट्यापुरताच आलो होतो. "सगळ्यांची कामं परत करून द्या! आणि म्हणा, यापुढे कोणाच्याही गाडीत पुट्टी भरणार नाही!"

उस्ताद पुटपुटला.

"मागे ऐकू आलं नाही," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

उस्तादनं मोठ्यांदा शपथ घेतली. बाईंनी त्याच्याच रंगानं एका पत्र्यावर वळणदार अक्षरात 'येथे पुट्टी भरली जात नाही' असं लिहून तो पत्रा दारावर टांगला. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी माझं डोकं पुरतं फिरलं. "आधी तुम्हा सगळ्यांची कामं! माझी गाडी सगळ्यात शेवटी!" असं मी जाहीर केलं. टेम्पोवाल्यानं आनंदानं मला उचललं आणि माझं डोकं गॅरेजच्या शटरला आपटलं.

उस्ताद खरोखरच बदलला. मी रोज संध्याकाळी चुंबक घेऊन देखरेखीला जायचो. तो गंजका पत्रा कापायचा, नवा जोडायचा आणि हातोडीनं टकटक करून डोळे मिटून ऐकत बसायचा. "साहेब, आवाज ऐका! कसा खणखणीत येतोय!" एकेक गाडी बाहेर पडत होती. बायको मात्र रोज तेच विचारायची, "आपली कधी?" आणि मी रोज सांगायचो, "पुढाऱ्यानं मागेच राहायचं असतं."

तपासणीच्या आदल्या दिवशी आमचा नंबर लागला. बायकोही आली होती. उस्तादनं गाडी जॅकवर चढवली आणि पुट्टी खरवडायला घेतली. जमिनीवर ढीग झाला.

"हा थर माझा," तो म्हणाला. आणखी खरवडलं. "हा माझा नाही, आधीच्या कोणा कारागिराचा. हात सफाईदार होता बरं का!" त्याच्याखाली तिसऱ्याच कोणाचा तरी थर निघाला. मग उस्ताद थांबला आणि डोकं खाजवायला लागला.

"काय झालं?"

"साहेब, वेल्डिंग करायला पत्राच सापडत नाही."

"आणखी आत असेल."

"आत तुमच्या चपला दिसतायत."

मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो! उस्ताद हळू आवाजात म्हणाला, "या गाडीवर पुट्टी नव्हती, साहेब. पुट्टीवर गाडी होती."

बायको उघड्या दारातून मागच्या सीटवरून हात फिरवत राहिली. मी उस्तादला कोपऱ्यात घेतलं.

"उस्ताद, थोडी पुट्टी असेल का हो?"

"काय?"

"फक्त उद्यापुरती. वरून रंग मारा. पेपर मी घरून आणतो."

उस्ताद ताठ उभा राहिला. "साहेब, तुम्ही मला माणसात आणलंत. चारचौघांत शपथ घेतलीय मी. ती मोडायची?"

"मोडा हो, भाऊ!" मागून बायकोचा आवाज आला. तिचे डोळे भरले होते. "यांचं काय मनावर घेता? मी आयुष्यात घेतलं नाही!"

पण उस्ताद बधला नाही. आम्ही गाडी अगदी हळूहळू घरी आणली. बायको मागे बसून पायाखालून सरकणारा रस्ता बघत होती. तपासणीची तारीख कशीबशी पुढे ढकलून घेतली आहे आणि तेव्हापासून आम्ही दोघं गॅरेजं पालथी घालतोय. पण माझी कीर्ती सगळीकडे आधीच पोचलेली! मला पाहिलं की गॅरेजवाले पुट्टीचे डबे लपवतात आणि कानाला हात लावून सांगतात, "आमच्याकडे असलं काही चालत नाही, साहेब!"

तर मंडळी, तुमच्या ओळखीत एखादा खोटारडा, कामचुकार, सरसकट पुट्टी भरणारा कारागीर असेल तर कृपा करून कळवा. मी कोपऱ्यावरच थांबेन. बोलायला बायको येईल.