कासवाचं पाकीट आणि तळ्याचं दार

एका जंगलात, मुलांनो, फार फार पूर्वी, म्हणजे साधारण मागच्या उन्हाळ्याच्या जरा आधी, एक कासव राहत होतं.

त्याचं नाव नागोराव. वय एकशे बारा. स्वभावाने अगदी सरळ. नाकासमोर चालायचं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या बायकोचं नाव सगुणाबाई. बायकांचं वय विचारायचं नसतं, म्हणून ते या गोष्टीत दिलेलं नाही.

कासवाचं घर पाठीवर असतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पण त्या घराला एक कपाटही असतं, हे बहुतेक राहून गेलं असेल. नागोरावांच्या मानेच्या डाव्या बाजूला कवचाखाली एक फट होती. तिच्यात ते आपली कार्डं ठेवत. कार्डं पळसाच्या पानाची होती आणि त्यांवर सिंहमहाराजांच्या पंजाचा शिक्का असे. एक कार्ड पाणवठ्याचं. एक पास वडाच्या सावलीत बसण्याचा. एक कार्ड अस्वलवैद्यांच्या दवाखान्याचं. आणि एक तिकीट, सुसरीच्या पाठीवर बसून नदीपलीकडे जाण्याचं. हे तिकीट फक्त जाण्याचं मिळे. परतीचं अजून कुणी मागितलं नव्हतं.

चैत्र संपत आला की नागोरावांच्या उंबराखालचं डबकं आटे. मग मोठ्या तळ्याशिवाय दुसरं पाणी नव्हतं. तळ्याला एक दार होतं आणि दारावर हरबा नावाचा म्हातारा वानर बसे. नागोराव दारापाशी थांबत, मान वळवत, फटीतलं कार्ड तोंडाने ओढायला लागत. याला बराच वेळ लागे. तेवढ्यात हरबाचं अंग खाजवून होई, एक जांभई होई.

"असू द्या हो नागोराव, जा आत," हरबा म्हणे.

"असं कसं? नियम म्हणजे नियम," नागोराव म्हणत. कार्ड पूर्ण बाहेर काढत, दाखवत, परत फटीत ठेवत आणि मगच आत जात. चाळीस उन्हाळे हे असं चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

पण मुलांनो, तक्रार नाही म्हणजे प्रगती नाही, असं राजेलोकांना वाटतं.

सिंहमहाराज एकदा शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथला सिंह फोन दाखवून स्वतःच्याच गुहेत शिरला. महाराजांना फार कमीपणा वाटला. परत आल्या आल्या त्यांनी कावळ्याकडून दवंडी पिटवली. सगळ्या जनावरांना फोन मिळतील. सगळी कार्डं, पास आणि तिकिटं फोनमधल्या 'वनपाकिटा'त घालायची. पानावरची कार्डं जमा करायची. आजपासून हे जंगल कागदमुक्त आहे. जंगलात मुळात कागद नव्हताच, पण ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

वडाखाली टेबल लागलं. रांग लागली. टेबलामागे कोल्हीणबाई बसल्या होत्या.

"कार्ड द्या," त्या नागोरावांना म्हणाल्या. त्यांनी कार्ड जमिनीवर ठेवलं, नागोरावांचा फोन त्याच्यावर धरला आणि फोटो काढला. टुंग असा आवाज झाला. "झालं. आलं तुमच्या पाकिटात."

"आणि या कार्डाचं काय करू?"

"ते त्यांच्याकडे द्या."

शेजारच्या टेबलावर एक बोकड बसला होता. त्याच्यापुढे पाटी होती, 'दस्तऐवज निकाली काढणारे अधिकारी'. बोकडाने कार्ड घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि खाल्लं.

"निकाली," तो म्हणाला. "पुढचं?"

सावलीचा पास निकाली निघाला. दवाखान्याचं कार्ड निकाली निघालं. सुसरीचं तिकीट बोकडाने नुसतं हुंगलं आणि बाजूला सारलं. त्याला तो वास काही बरा वाटला नाही.

मग सगुणाबाईंची पाळी आली. त्या जागच्या हलेनात.

"अहो, माझं राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "एक तरी हाताशी असावं."

"सगुणे, राजाची आज्ञा आहे. सगळे देताहेत."

"सगळे देताहेत म्हणूनच म्हणते."

"दोघांचीही कार्डं एकाच पाकिटात राहतील. तुला सांभाळायची कटकट नको. मी आहे ना?"

असं म्हणून नागोरावांनी सगुणाबाईंच्या फटीतलं कार्ड आपल्या तोंडाने ओढून काढलं, त्याचा फोटो काढवून घेतला आणि ते स्वतः नेऊन बोकडापुढे ठेवलं. बोकडाचं पोट भरलं होतं. पण नोकरी आहे म्हटल्यावर त्याने तेही खाल्लं.

नवऱ्याने बायकोचं भलं करायचं ठरवलं की काय होतं, हे मुलांनो, तुम्ही मोठे झाल्यावर तुम्हाला कळेलच.

त्या वर्षी डबकं लवकर आटलं. नागोराव आणि सगुणाबाई दोन दिवस चालून तळ्याच्या दाराशी पोचले. ऊन असं की पाय भाजत होते. सगुणाबाईंच्या घशाला कोरड पडली होती आणि त्या वाटेत एकही शब्द बोलल्या नव्हत्या. त्या बोलत नाहीत याचीच नागोरावांना जास्त धास्ती वाटत होती.

दार नवीन होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण होतं. दाराशेजारी एक मशीन होतं. हरबा मशीनशेजारी फडकं घेऊन उभा होता.

"या नागोराव. या वहिनी," हरबा म्हणाला. "पाकिटातलं कार्ड उघडा आणि मशीनला दाखवा."

नागोरावांनी फोन उघडला. कार्ड काही दिसेना. नुसतं एक चाक गरगर फिरत राहिलं.

"इथे रेंज नाही," हरबा म्हणाला. "या खडकामुळे येत नाही. त्या जांभळाखाली जा. तिथे कोड मिळतो. तो घेऊन या."

जांभूळ तसं लांब नव्हतं. हरणाला तीन उड्या. नागोरावांना पाऊण तास. ते गेले, जांभळाखाली फोन उघडला. पाकिटातून कार्ड वर आलं, कार्डावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आला. नागोरावांना बरं वाटलं. फोन पाठीवर ठेवून ते पाऊण तासाने परत आले आणि त्यांनी तो मशीनला दाखवला.

"कोड शिळा आहे," मशीन म्हणालं. "कृपया ताजा कोड आणा."

"शिळा म्हणजे?" नागोरावांनी विचारलं.

"कोड तीस सेकंद टिकतो," हरबा म्हणाला. "तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. नाहीतर तुमचा कोड चोरून कुणीही कासव आत शिरेल."

"या जंगलात कासवं दोनच आहेत, हरबा. दोन्ही तुझ्यासमोर उभी आहेत."

"ते मला दिसतंय हो! मी काय तुम्हाला ओळखत नाही? पण ओळखायचं काम आता माझ्याकडे राहिलेलं नाही. माझ्याकडे मशीन पुसायचं काम आहे." आणि हरबाने मशीन पुसलं. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून त्याने ते दोनदा पुसलं.

नागोराव पुन्हा जांभळाकडे निघाले. या खेपेला त्यांनी घाई केली. कासवाची घाई बघणाऱ्याला कळत नाही, पण ती कासवाला फार लागते. परत आल्या आल्या त्यांनी फोन मशीनला दाखवला.

"कोड शिळा आहे," मशीन म्हणालं. त्याचा आवाज मात्र ताजातवाना होता.

नागोराव तिसऱ्यांदा निघाले. सगुणाबाईंनी मान आत ओढून घेतली होती आणि डोळे मिटले होते. दाराच्या फटीतून तळ्यावरचा गार वारा येत होता. त्या वाऱ्याच्या दिशेला तोंड करून त्या बसल्या होत्या. तिचं कार्ड बोकडापुढे ठेवणारे आपणच, हे त्यांना पावलापावलाला आठवत होतं, आणि त्यांना पावलं फार टाकावी लागत होती.

जांभळाखाली त्यांना सुभानराव मुंगूस भेटले. मुंगूस म्हणजे नुसती चपळाई. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि ते हसले.

"एवढंच ना? तुम्ही दाराशी जाऊन तयार उभे राहा. फोन मी आणतो. कोड आला की तीन सेकंदांत मशीनला लावतो."

नागोरावांनी फोन त्यांच्या हवाली केला. ते पाऊण तासाने दाराशी पोचले. सगुणाबाईंना हाक मारून त्यांनी उठवलं. दोघंही दाराला नाक लावून उभी राहिली. नागोरावांनी मान हलवून खूण केली.

सुभानरावांनी कोड काढला, फोन तोंडात धरला, झेप घेतली आणि तो मशीनला लावला.

"स्वागत आहे!" मशीन म्हणालं. "नागोराव आणि सगुणाबाई, दोन व्यक्ती. आत चला!"

दार उघडलं. फोन तोंडात धरून सुभानराव वेगाच्या भरात सरळ आत गेले. नागोरावांनी पुढचा उजवा पाय उचलला. सगुणाबाईंनी पुढचा डावा पाय उचलला. ते पाय खाली टेकायच्या आत दार बंद झालं.

"झालं काम!" आतून सुभानराव ओरडले. त्यांनी फोन काठावरच्या एका दगडावर ठेवला आणि स्वतःच्या कामाला निघून गेले. चांगली कामं करणाऱ्यांना नेहमीच दुसरीकडे जायचं असतं.

बाहेर दोघांनी उचललेले पाय जागच्या जागी खाली टेकले.

"हरबा," नागोराव म्हणाले, "आता?"

हरबाने मशीनकडे पाहिलं. "आता काही करता येणार नाही. तुम्ही आत गेलात."

"मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"पण नोंद आत आहे. दिवसातून एकदाच आत जाता येतं, तुमचं आजचं जाऊन झालं. शिवाय बाहेर पडल्याशिवाय परत आत येता येत नाही."

"मग बाहेर पडल्याची नोंद कर."

"त्यासाठी बाहेर पडायचा कोड लागतो. तो फोनवर येतो. फोन आत आहे." हरबाने मान खाली घातली. "मला माफ करा, नागोराव. चाळीस वर्षांत मी असं कुणाला अडवलं नव्हतं."

नागोरावांनी हातपाय गाळले. ते कवचात शिरले. एकशे बारा वर्षांत ते पहिल्यांदाच लाजेने आत शिरले होते.

आणि मग दोन दिवसांत पहिल्यांदा सगुणाबाई बोलल्या.

"हरबाभाऊजी, एक सांगा. आम्ही आत आहोत ना?"

"हो वहिनी. मशीन तेच म्हणतंय."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"बरं. हे कुंपण कुठवर आहे हो?"

हरबाने डोकं खाजवलं. "कुंपण ना? डावीकडे दहा पावलं आहे. उजवीकडे अकरा. मंजुरी दाराचीच आली होती. बाकीचं तळं मोकळंच आहे."

"चला हो," सगुणाबाई म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या.

नागोरावांनी मान बाहेर काढली. "सगुणे, असं मागच्या बाजूने जाणं नियमात बसत नाही."

"मागच्या बाजूने बाहेरचे जातात. आपण आत आहोत, आत्ताच सांगितलं ना यांनी? आपण आतल्या आत जरा फिरतोय."

नागोरावांनी यावर पुष्कळ विचार केला. नियम त्यांनी उलटा केला, सुलटा केला, पण त्यात एकही चूक सापडेना. हरबा पाठ फिरवून जोरजोरात मशीन पुसत होता. मग नागोरावही डावीकडे वळले.

दहा पावलांवर कुंपण संपलं. तिथून पाणी दिसत होतं. उतार होता आणि चिखल होता. चिखलात रानडुकरांचं अख्खं खटलं लोळत पडलं होतं, आजे, काका, माम्या, सगळे. नागोराव जवळ आले तसे ते अवघडून थांबले. इतकी वर्षं ते दारातूनच आले होते. कुणाला काहीही न दाखवता पाण्यात जायचं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"आमचा कोड आत गेलेला आहे," त्यांनी एका थोराड डुकराला स्वतःहून सांगितलं.

"कोण गेलाय?" डुकराने विचारलं.

"कोड. दारावर दाखवायचा."

"इकडं दार बी हाय व्हय?" डुक्कर म्हणालं आणि दुसऱ्या कुशीवर वळलं.

सगुणाबाई केव्हाच पाण्यात शिरल्या होत्या. नागोराव त्यांच्या मागोमाग उतरले. पाणी आधी पायांना लागलं, मग पोटाला, मग मानेला. त्यांना रडू आलं. पाण्यात ते कुणाला दिसलं नाही.

"सगुणे," ते म्हणाले, "तुझं कार्ड मी द्यायला नको होतं. चुकलो मी."

"आधी पाणी प्या," सगुणाबाई म्हणाल्या.

पुढे पावसाळ्याच्या तोंडावर महाराजांनी वनपाकिटाचा आढावा घेतला. त्यात असं आढळलं की एक जोडपं एकदा कोड दाखवून आत गेलं, ते अजून बाहेर आलेलं नाही. सेवेवर इतकं समाधानी जनावर दुसरं कुणी नव्हतं. नागोराव आणि सगुणाबाई यांना त्या वर्षीचे आदर्श नागरिक म्हणून घोषित करण्यात आलं. प्रशस्तिपत्र त्यांच्या पाकिटात जमा झालं. दगडावरचा फोन टुंग वाजला. तो आवाज ऐकायला तिथे कुणी नव्हतं, कारण नागोराव आणि सगुणाबाई पलीकडे, डुकरांच्या शेजारी, सुखाने राहत होते.

तात्पर्य: मुलांनो, नियम नेहमी पाळावेत. आपला फोन वेळच्या वेळी दारातून आत गेलाच पाहिजे. आपण स्वतः कुठूनही गेलो तरी चालतं.