हमरापूरचा बत्तीस चॅनेलचा मिक्सर

कार्यक्रमातला आवाज गाणाऱ्याच्या गळ्यातून येतो, असा एक जुना गैरसमज आहे. आवाज मिक्सरमधून येतो. जितकी बटणं जास्त, तितकं गाणं चांगलं. हमरापूरच्या आमच्या उत्सव कमिटीने हे शास्त्र ओळखलं आणि रोह्याच्या फारुख साउंडवाल्याचा सहा बटणांचा डबा बाद करून मुंबईहून बत्तीस चॅनेलचा मिक्सर आणला. (गावात माईक तीन. उरलेल्या एकोणतीस चॅनेलांचा विचार उपसमिती करत आहे.) वायरी जोडायला मात्र फारुखच लागला.

गाणार होत्या इंदुबाई. वर्षभर गणपतीच्या मूर्तींचे डोळे रेखायचे आणि उत्सवात एक गाणं म्हणायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. गळा गोड, पण बारीक. त्यांची थोरली बहीण बायजा कानाने मंद. खाली बसवत नाही म्हणून शेवटच्या रांगेत खुर्चीवर. बारा वर्षं ती बहिणीचे नुसते ओठ बघून घरी गेली.

"इंदू गो, औंदा तरी मना आयकू येल का?" तिने सकाळीच विचारलं.

"येल गो. मोठी मशीन आनलीय."

जुन्या डब्यावर कमिटीच्या अकराही सभासदांचे हात फिरत. (अध्यक्षांना ढोलकी जास्त हवी, खजिनदारांना अध्यक्ष कमी.) त्यात इंदुबाई बुडून जात. दोष अर्थातच डब्याचा.

नव्या मशीनची रीतसर पूजा झाली. अध्यक्ष दत्तात्रेय यांनी नारळ उचलला.

"काका, बाजूला फोडा. पानी आत जाईल," फारुख म्हणाला.

"पूजा नाय झाली तर मशीन वाजंल काय?" म्हणत त्यांनी नारळ मिक्सरच्या कडेवरच फोडला.

पाणी बत्तीसही चॅनेलांना समप्रमाणात मिळालं. एक लाल दिवा तेवढा जळत राहिला. फारुखने टेम्पोतून जुना डबा आणला, टेबलाखाली ठेवला, वायरी त्याला जोडल्या आणि टेबलक्लॉथ खाली ओढला. (मी सचिव. मी पाहिलं, पण तो विषय अजेंड्यावर नव्हता.)

मग वर अकरा सभासद मेलेल्या मिक्सरची बटणं मनसोक्त पिळत राहिले, आणि खाली फारुखने मांडी घालून एक बटण हळूच वर केलं.

इंदुबाई गायल्या. बायजा आधी पुढे वाकली, मग मागे टेकली आणि पदराने डोळे पुसू लागली. मलाही भरून आलं. इतिवृत्तात तशी सोय नाही.

नंतर श्रोत्यांची पाहणी झाली. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांच्या मते श्रेय मिक्सरचं, एकाच्या मते जनरेटरचं. बायजा म्हणाली, "माझी भयीन गायली. समदा आयकू आला." हे मत तांत्रिक नसल्याने बाद धरलं.

शाल एकच होती. ती मिक्सरला पांघरली. श्रीफळ फारुखने वेळीच काढून घेतलं. पुढच्या वर्षी चौसष्ट चॅनेल आणायचे ठरले. त्यांची माहिती सांगायला वेळ लागेल, म्हणून इंदुबाईंचं गाणं एकमताने रद्द झालं.

तुम्ही आम्हाला हसत असाल. जरूर हसा. चॅनेल किती, माईक किती, सभासद किती, हे तुम्हाला आता पाठ आहे. बाई कोणतं गाणं गायल्या, हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.