सुंदररावांची खुंटी

सुंदरराव दिंद्रुडकडच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचे चेअरमन होते. तलाव दुष्काळात कधीचाच आटलेला, पण संस्था ठणठणीत. बांधावर संस्थेची पाटी आणि तलावाच्या पोटात चेअरमनची म्हैस, असा सगळा कारभार. तरी संस्थेला अभ्यास दौरा मंजूर झाला, आणि मंडळी कोकणच्या किनाऱ्यावर गळ टाकायला शिकायला गेली.

तिथल्या मास्तरांनी परोपरीनं सांगितलं, भरतीची वेळ बघा, जाकीट घाला, लाटेकडं पाठ करू नका. सुंदरराव मिशीत हसले. त्यांनी घरून म्हशीची लोखंडी खुंटी आणि दावं आणलं होतं. बांधलेलं जनावर कधी वाहून जातं का? ओहोटीनं मागं सरलेल्या पाण्याच्या अगदी काठाशी त्यांनी खुंटी हातभर ठोकली आणि व्हाइस चेअरमन बंकटकडून दावं पाठीमागून कमरेला आवळून घेतलं.

मास्तर म्हणाले, "अहो, पाणी परत येतं."

"सायेब, आमी लई पाणी बघितलंय. एकदा गेलं की येत न्हाई."

मास्तरांनी हात जोडले आणि इतरांना घेऊन ते जेवायला गेले. सुंदरराव ऐटीत गळ टाकून बसले. थोड्या वेळानं पाणी मांडीला लागलं, मग पोटाला. दावं भिजून गाठ दगडासारखी झाली. खुंटी वाळूनं धरून ठेवली होती, आणि पोट आडवं येत असल्यानं दावं खालीही सरकेना. सुंदररावांना खरोखरीची भीती वाटली. त्यांनी बंकटच्या नावानं टाहो फोडला.

बंकट विळा घेऊन आला, पण सावकाश. चेअरमनच्या खुर्चीसाठी तो दोनदा पडला होता.

"राजीनामा देता का?"

"पाणी छातीला आलंय बे!"

"म्हणून तर इचारतोय."

तेवढ्यात एक लाट डोक्यावरून गेली. सुंदररावांनी खारं पाणी थुंकत मान हलवली, आणि बंकटनं दावं कापलं.

गावी आल्यावर बंकट रीतसर कोरड्या तलावाचा चेअरमन झाला. हारतुरे झाले, पेढे वाटले गेले. सुंदरराव तिकडं फिरकले नाहीत. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ते तलावात उतरले, म्हैस सोडली आणि वर बांधावरच्या बाभळीला उरल्या दाव्यानं बांधली.

त्यांच्या बायकोनं, छबुबाईंनी, विचारलं, "कावून हालवली वो?"

सुंदररावांनी भेगाळलेल्या तळाकडं एकदा नीट बघून घेतलं.

"पाण्याचा काय भरवसा न्हाई," ते म्हणाले.