उंकाच्या रांजणाची साक्ष

उंकाने पणजोबांचा रांजण ओढत आणून ओसरीवरच्या चटईपाशी मांडला. एरवी तो घरामागे पागोळ्यांखाली पावसाचं पाणी झेलत बसायचा. पण आज त्याच्या मुलाचं, जेलियानचं स्थळ बघायला मुलीकडचे येणार होते, आणि असा रांजण ज्याच्या घरी, त्याला मान मोठा. जुने रांजण बोलतात, असं त्या नदीकाठी सगळेच मानत.

दिवेलागणीला मुलीची आजी, लेम्बा आली. विडा तोंडात टाकून तिने थेट विचारलं, "पोरगा पितो का?"

"छे हो, आजी! सुगीच्या सणाला एखादा पेला, बस्स," उंका म्हणाला.

"पूंऽक!" रांजण म्हणाला.

बायकोने उंकाला कोपरखळी मारली. "बोलला हो!"

"तहान लागली असेल," म्हणत उंकाने रांजणात घागरभर पाणी ओतलं.

"सकाळी लवकर उठतो ना?"

"कोंबड्याच्या आधी!"

"पींऽक!" आता आवाज चढला होता.

"चिडला," आजी म्हणाली.

"अहो, उपसा ते पाणी!" बायको कुजबुजली. उंकाने करवंटीने भराभर पाणी उपसलं, तर रांजण खर्जात उतरला. "पोंऽऽक!" अगदी पणजोबांचाच आवाज!

उंकाचा धीर सुटला. "सांगतो, सांगतो! पितो. ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. आणि नवी होडी त्यानेच बुडवली!"

"बाबा!" जेलियान कळवळला. रांजण मात्र गप्प झाला.

"होडीचं मी विचारलंच नव्हतं," आजी म्हणाली.

उरलंसुरलं पाणी काढायला उंकाने हात घातला, तर बोटांना काहीतरी गार, मऊ लागलं. नखाएवढा बेडूक! रानात झाडाच्या ढोलीत बसून, आत जितकं पाणी असेल तसा सूर चढवणारा-उतरवणारा. याच्यापायी पोराची अब्रू चटईवर सांडली! त्याला मुठीत धरून उंका ओरडणार, तोच आजीने ऐसपैस पाय पसरले.

"असो. आता आमच्या नातीचं, सुरीचं ऐका. गरीब गाय हो! उलट उत्तर म्हणजे काय, तिला ठाऊकच नाही."

उंकाने तोंड मिटलं आणि रांजणात अलगद मूठ उघडली. बेडकाने जरा दम खाल्ला.

"पोंऽऽक!"

आजी विडा चघळायची थांबली. "म्हणजे... बोलते कधीमधी."

"पोंऽऽक!"

"बरं, रोज बोलते!"

उंका मांडी ठोकून बसला आणि त्याने आजीपुढे तांदळाच्या दारूचा पेला सरकवला.

"सावकाश सांगा, आजी. आपल्याला कुठं घाई आहे?"