उरलेलं माणूस

पेशंट एकटा आला की नीलिमा मॅडम त्याला परत पाठवायच्या. "अर्धंच माणूस आणलंत. उरलेलं घरी राहिलंय, ते घेऊन या."

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या सरकारी दवाखान्यात त्या मानसोपचाराला होत्या, करारावर. मी शेजारच्या खिडकीत केसपेपर लिहायचो. उरलेलं माणूस म्हणजे सासू, नवरा, जाऊ, वेळ पडली तर गावचा भगतसुद्धा. एकदा म्हसा गावची एक सासू उखडली, "डोस्कं सुनेचं फिरलंय, मी कशाला येऊ? माझा भात झोडायचा पडलाय!"

"मग मीच येते झोडायला," मॅडम म्हणाल्या आणि खरंच गेल्या. दिवसभर पेंढ्या आपटल्या, हाताला फोड आले. तेव्हा कुठे कळलं, मूल दगावल्यापासून त्या घरात सुनेशी कुणी धड बोललंच नव्हतं. सासू खळ्यातच रडली. दोन-तीन महिन्यांत सून माणसांत आली. आमचे डॉक्टर म्हणाले, "हा इलाज म्हणायचा की मजुरी?" सगळे हसले. मी जरा जास्तच.

मॅडमबरोबर शिकलेल्यांनी ठाण्यात एसी क्लिनिकं थाटली. मॅडम मात्र आसनगावला भाड्याच्या खोलीत. "करिअरसुद्धा अख्खं करायचं, भोईरभाऊ." मी मनात म्हणायचो, करा आणि बसा भात झोडत.

मग वरून तक्ता आला, महिन्याचे पेशंट किती? भरायचं काम माझं. मॅडमच्या खोलीत घरच्यांसकट साठेक माणसं बसून गेली होती, केसपेपर निघाले होते अकरा. "सगळी धरा ना, भाऊ," त्या म्हणाल्या. मी पडलो नियमाचा माणूस. अकरा लिहिलं, शिक्का मारला. दोन महिन्यांनी पत्र आलं की काम पुरेसं नाही, करार वाढणार नाही. माझ्या प्रामाणिकपणाला आग लागो.

पडेल चेहऱ्यानं त्यांच्या खोलीवर गेलो. त्या पुस्तकं खोक्यात भरत होत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्यांनी चहा टाकला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "न्यायला घरून कुणी येतंय ना?"

"कोण येणार? मी नववीत असताना आईला वेड लागलं. बाबांनी एकटीलाच मोठ्या इस्पितळात नेऊन सोडलं. तिथले डॉक्टर निरोप धाडायचे, घरच्यांनी भेटायला या. कुणी गेलं नाही. ती तिथंच वारली."

एक पुस्तक खोक्यात ठेवत त्या म्हणाल्या, "मीसुद्धा गेले नाही, भाऊ. मला लाज वाटायची."

मला माफी मागायची होती. चहा संपला आणि मी त्यांची उरलेली पुस्तकं खोक्यात भरायला लागलो.